दोन शीटांच्या सांध्यावरचा ओढा

जुलै महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी त्यांनी नकाशांच्या एका सरकारी कार्यालयात अर्ज दिला. अर्ज एका पानाचा होता. धायरीच्या गावनकाशाच्या दोन शीटांवरून एक ओढा गळला आहे, तो पुन्हा दाखवावा, अशी विनंती त्यात होती. ओढा गाळणारा आरेखक म्हणून त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं. काही वर्षांपूर्वी ते त्याच कार्यालयातून निवृत्त झाले होते.

खिडकीमागच्या कारकुनानं अर्ज दोनदा वाचला.

"तक्रार कुणाविरुद्ध आहे?"

"संबंधित आरेखकाविरुद्ध."

"आणि अर्जदार?"

"तोच."

"अहो, असं चालत नाही."

"चालत नाही असं कुठल्या नियमात आहे, तो दाखवा. मी बसतो."

ते समोरच्या बाकावर बसले. नियम सापडला नाही. पावणेबाराला अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का बसला. मी तिथे होतो. मी तेव्हा एका दैनिकात वार्ताहर होतो आणि बिबवेवाडीत त्यांच्याच घराच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो.

त्यांची माझी ओळख एका पोस्टकार्डानं झाली. शहराच्या पाणीपुरवठ्यावर मी एक बातमी केली होती आणि तिच्याबरोबर आमच्या कलाविभागानं काढलेला नकाशा छापला होता. चौथ्या दिवशी पोस्टकार्ड आलं. अक्षर छापल्यासारखं होतं. "आपल्या नकाशात मुठा नदी संगमाकडून खडकवासल्याकडे वाहताना दाखवली आहे. बाणाचं टोक पाहावं. नदीला चढ चढण्याची सवय नाही. या वयात लावू नये."

वृत्तसंपादकांनी कार्ड माझ्या हातात दिलं आणि जाऊन माफी मागून ये, असं सांगितलं. मी गेलो. दार त्यांनीच उघडलं. किडकिडीत बांधा, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. एक काळं, एक निळं. निळं पेन ते फक्त पाण्यासाठी वापरत, हे मला नंतर कळलं. किराण्याची यादी, बँकेचा फॉर्म, लग्नाच्या आहेराचं पाकीट, सगळं काळ्यानं.

"माफी नको," ते म्हणाले. "बाण नीट करा."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोन ओळींची दुरुस्ती छापली. ती त्यांनी कापून एका वहीत चिकटवली. आठवड्यानं आमच्या दैनिकाच्या कार्यालयात त्यांचा फोन आला. वरची खोली रिकामी आहे, हवी असल्यास सांगावं. मी खोली पाहायला गेलो, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुमचं पाणी कुठं जातं?"

"मी अकोल्याचा."

"गाव नाही विचारलं. पाणी विचारलं."

त्यांनीच सांगितलं. "मोर्णा. मोर्णेतून पूर्णा, पूर्णेतून तापी, तापीतून अरबी समुद्र. आमचं मुठेतून मुळा-मुठा, तिथून भीमा, भीमेतून कृष्णा आणि बंगालचा उपसागर. म्हणजे आम्ही पश्चिमेला राहून पूर्वेला वाहतो आणि तुम्ही पूर्वेला राहून पश्चिमेला. जमेल का एका घरात?"

जमलं. मी त्या खोलीत पाच वर्षं राहिलो.

त्यांना गल्लीत सगळे काका म्हणत, मीही म्हणू लागलो. हा प्रश्न काका प्रत्येकाला विचारत. पोस्टमनला विचारत, गॅसची टाकी आणणाऱ्याला विचारत. समोरच्या इमारतीत नव्यानं राहायला आलेल्या बाईंना त्यांनी फाटकातच विचारलं. बाईंचा समज झाला की सांडपाण्यावरून भांडण काढतायत. "आमच्या पाण्याचं तुम्हाला काय करायचंय?" असं म्हणून त्या आत गेल्या आणि महिनाभर बोलल्या नाहीत. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, वाटीभर खिरीनं तो वाद मिटवला. काकांना त्या बाई मूळच्या कुठल्या, हे शेवटपर्यंत कळलं नाही. पाणी मात्र कळलं. गोदावरी.

घर उतारावर होतं. काकांच्या म्हणण्याप्रमाणे पाण्याची फाट बरोबर त्यांच्या स्वयंपाकघरातून जात होती. पुढच्या अंगणातलं पाणी आंबील ओढ्याला मिळायचं आणि मागच्या अंगणातलं भैरोबा नाल्याला. याच कारणासाठी प्लॉट घेतला, असं ते सांगत. मी हे पडताळून पाहिलेलं नाही. तांदूळ धुतलेलं पाणी काकूंनी कुठल्या दारी टाकायचं, यावर ते लक्ष ठेवून असत. पुढं फार झालं की मागं टाकायला सांगत.

"शेवटी दोन्हीकडचं नदीतच जातं ना?" काकू एकदा म्हणाल्या.

"जातं."

"मग?"

"मग काय? शेवटी सगळेच जातात. म्हणून सगळ्यांनी एकाच रस्त्यानं जावं असं आहे का?"

काकूंनी पाणी तुळशीला घातलं.

दिशांचे शब्द ते वापरत नसत. उत्तर, दक्षिण हे कागदासाठी, असं त्यांचं मत होतं. बोलताना वर आणि खाली, डावा तीर आणि उजवा तीर. पाणी जिकडे जातं तिकडे तोंड करून उभं राहायचं, मग डावा हात तो डावा तीर. पत्ता विचारणाऱ्याला ते म्हणत, "ओढ्याच्या उजव्या तीरानं खाली जा, तिसरी गल्ली." पत्ता विचारणारा ओढा शोधायचा. ओढ्यावर स्लॅब पडून त्यावर भाजीवाले बसू लागल्याला बरीच वर्षं झाली होती. काकांच्या लेखी स्लॅबनं काही बदललं नव्हतं. "झाकण घातलं म्हणून पातेल्यातलं दूध नाहीसं होत नाही," असं ते म्हणत.

रिक्षात बसले की पूल आल्यावर चालकाला विचारत, "आत्ता आपण काय ओलांडलं?"

"सिग्नल," एकानं उत्तर दिलं.

"त्याच्या खाली?"

"खाली काय? रस्ता."

काका रिक्षा थांबवून उतरले, त्याला कठड्यापाशी घेऊन गेले आणि खालची नागझरी दाखवली. चालक वाकून बघत राहिला. "च्यायला, रोज जातोय मी हितनं," तो म्हणाला. मीटर चालू होतं. काकांनी ते मान्य केलं.

आणखी एक सवय, जिचा या हकिगतीशी संबंध आहे. ते बाहेर पडताना पिशवीत स्टीलचा पेला आणि पाण्याची बाटली ठेवत. कुठलीही जागा पाहायला गेले की पेलाभर पाणी जमिनीवर ओतायचे आणि कमरेवर हात ठेवून उभे राहायचे. पाणी कुठं जातंय ते पाहिल्याशिवाय जागेविषयी एक शब्द बोलत नसत. गल्लीत कुणी फरशी बदलली की काकांना बोलावणं जाई. न्हाणीघरात पाणी मोरीकडे जातं की दाराकडे, याचा निकाल ते देत. एका गवंड्यानं काचेच्या नळीतला बुडबुडा दाखवून लेव्हल बरोबर असल्याचं सांगितलं. काका म्हणाले, "बुडबुड्याला आंघोळ करायची नाहीये." पेला ओतला. पाणी दाराकडे गेलं. फरशी उखडली गेली.

नोकरीविषयी ते कमी बोलत. तीसेक वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. जुने, फाटत आलेले गावनकाशे काचेच्या टेबलावर ठेवायचे, वर ट्रेसिंगचं मेणकापड ताणायचं, खालून दिवा लावायचा आणि रेघ न रेघ गिरवायची. शेताच्या हद्दी काळ्या, पाणी निळं. इतर आरेखक ओढा उगमाकडून खाली काढत. काका संगमापासून सुरू करून वर जात. मी कारण विचारलं. "वरून काढलं की हात वाहवत जातो. खालून काढलं की प्रत्येक फाट्याला थांबून विचारावं लागतं, तू कुठून आलास?" त्यांनी काढलेल्या शीटवर खालच्या उजव्या कोपऱ्यात त्यांची आद्याक्षरं असत. ती आद्याक्षरं असलेलं शीट तपासनीस तपासत नसत, असं त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी मला स्वतंत्रपणे सांगितलं.

आपलं चुकलं, असं ते कधी म्हणाले नाहीत. हे घरातलं सर्वमान्य सत्य होतं. "लग्न झाल्यापासून एकदाच म्हणालेत, तुझं बरोबर असू शकेल," काकू सांगायच्या. "त्या दिवशी अंगात ताप होता." एकदा त्यांनी मुलीच्या मैत्रिणीच्या लग्नाचं कार्यालय चुकीचं सांगितलं आणि सगळे भलत्याच लग्नाला पोचले. तेव्हाही ते म्हणाले की पत्ता बरोबर होता, लग्न चुकलं.

मुलगी एकच. तिचा नवरा सॉफ्टवेअर कंपनीत होता. कंपनीचं ऑफिस नुकतंच हिंजवडीला गेलं होतं. नव्वदीचं दशक संपत होतं. सिंहगड रस्त्यानं दर महिन्याला नवी पाटी उभी राहत होती आणि प्रत्येक पाटीवर व्हॅली, रिव्हर किंवा हिल यांतला एक शब्द असे. मुलगी आणि जावई घर शोधत होते. आधीच्या तीन जागा त्यांनी काकांना दाखवल्या होत्या. तिन्ही ठिकाणी पेला ओतला गेला आणि तिन्ही जागा नापास झाल्या. औंधजवळच्या जागेच्या बिल्डरनं स्वतः येऊन पाणी पुसलं होतं. जावई याला बाबांची ग्लास टेस्ट म्हणायचा. चौथ्या वेळी त्यांनी काकांना नेलं नाही. धायरीतल्या एका प्रकल्पात, तिसऱ्या इमारतीत, तळमजल्यावरचा फ्लॅट आधी बुक केला आणि मग पेढे घेऊन आले. करारनाम्याची नोंदणी जुलैअखेर व्हायची होती. त्यानंतर माघार नव्हती.

जूनमधल्या एका रविवारी सकाळी आम्ही सगळे जागा पाहायला गेलो. काका, काकू, मुलगी, जावई आणि मी. मला त्यांनी का नेलं, हे सांगता येणार नाही. बहुधा गाडीत पाचवी जागा रिकामी होती.

तिसऱ्या इमारतीचे खड्डे खणून झाले होते. मुरूम टाकून जमीन सपाट केली होती. साइटवर एक तरुण इंजिनिअर होता. त्यानं खुर्च्या मागवल्या. काकांनी विचारलं, "तुमचं पाणी कुठं जातं?"

"साहेब, प्लंबिंगचं काम अजून सुरू व्हायचंय."

"तुमचं. गाव कुठलं?"

"लातूर."

"मांजरा, गोदावरी. समुद्र आपला एकच," काका म्हणाले आणि पिशवीतून पेला काढला.

मुलगी म्हणाली, "बाबा, प्लीज. इथं नको."

पाणी ओतलं गेलं. ते मुरमात जिरलं नाही. बारीक धार होऊन खड्ड्यांच्या रांगेकडे निघालं आणि बरोबर तिसऱ्या इमारतीच्या मध्यातून पलीकडे गेलं. काकांनी पुन्हा ओतलं, दहा पावलं अलीकडे. धार त्याच रेषेला येऊन मिळाली. बाटली संपली.

तारेच्या कुंपणापलीकडे एक म्हातारी वांगी तोडत होती. काका कुंपणापाशी गेले.

"आजी, इथून पाणी जायचं का कधी?"

"ही काय वघळ," म्हातारीनं विळ्यानंच रेघ ओढून दाखवली. "पाऊस मोठा झाला का हितनंच जातंय, पार नदीला. औंदा बुजवलीया मुरमानं."

"नाव काय तिचं?"

"वघळीला कशाचं नाव? वघळच हाय ती." मग मुलीकडे बघून विचारलं, "तुम्ही घ्येताय व्हय हितं? वरच्या मजल्यावर घ्या गं बाई."

जावई म्हणाला, "बाबा, प्लॅन सँक्शन्ड आहे. बँकेनंही प्रोजेक्ट अप्रूव्ह केलाय."

"बँकेला पोहता येतं?"

इंजिनिअर शांत स्वभावाचा होता. त्यानं ऑफिसातून फाइल आणली. आत गावनकाशाच्या प्रमाणित प्रती होत्या, दोन शीटं शेजारी शेजारी चिकटवलेली. "काका, हे बघा. इथं ओढा नाही, नाला नाही, काहीच नाही. असता तर आम्ही जागा सोडली असती. सोडावीच लागते."

काकांनी चष्मा वर केला आणि शीट डोळ्यांजवळ धरलं. मी शेजारी उभा होतो. त्यांची नजर जोडावरून वर गेली, खाली आली आणि उजव्या कोपऱ्यात थांबली. मग दुसऱ्या शीटच्या कोपऱ्यात. दोन्हीकडे तीच आद्याक्षरं होती.

"आरेखक कोण होते माहीत नाही," इंजिनिअर म्हणाला, "पण रेघ सुंदर आहे."

"रेघ माझी आहे," काका म्हणाले.

"मग तर प्रश्नच मिटला," जावई म्हणाला. तो हसला. बाकी कुणी हसलं नाही. मुलीनं विचारलं, "बाबा, तुमच्याच नकाशात ओढा नाही, मग आला कुठून?" काकांनी रिकामी बाटली पिशवीत ठेवली. परतताना गाडीत ते एकदाही वर, खाली म्हणाले नाहीत.

पुढचे तीन आठवडे ते कामाच्या जुन्या वह्या काढून बसले. कुठल्या दिवशी कुठलं शीट हातात होतं, याची नोंद ते नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ठेवत आले होते. आरेखकांच्या हॉलमध्ये एक रिवाज होता. एखादी रेघ बरोबर दोन शीटांच्या सांध्यावरून जात असेल तर ती पश्चिमेच्या शीटवाल्यानं काढायची, म्हणजे दोनदा निघत नाही. हा लिहिलेला नियम नव्हता, पण सगळे पाळत. धायरीचं पूर्वेचं शीट काकांकडे नोव्हेंबरात आलं होतं. सांध्यावरचा ओढा त्यांनी पाहिला आणि रिवाजाप्रमाणे सोडला. पश्चिमेचं शीट दुसऱ्या आरेखकाकडे होतं. त्याची बदली झाली. फेब्रुवारीत तेही काकांच्याच टेबलावर आलं.

हे सगळं त्यांनी मला एका दुपारी सांगितलं. समोर वही होती आणि बोट नोंदीवर होतं.

"शीट ताणलं, तेव्हा मला आठवत होतं, हा ओढा आपल्या नजरेखालून गेलाय. गेला होता. काढला नव्हता." वही मिटून म्हणाले, "दुसरा कुणी असता तर काढला असता. त्याला आठवायला काही नव्हतं."

मी म्हटलं, कदाचित मूळ शीटवरच ओढा नसेल. ते म्हणाले, "शेजारच्या म्हातारीच्या सातबाऱ्यावर पोटखराबा आहे." पोटखराबा म्हणजे शेतातली पिकाला निकामी जमीन. "सपाट काळ्या जमिनीत लांबच लांब पट्टी खराब कशानं झाली? आकाशातून पडली?" ते तिच्याकडे जाऊन उतारा पाहून आले होते. मूळ मोजणीवहीत ओढ्याची रुंदी लिहिलेली असणार, असं ते खात्रीनं सांगत होते. मोजणीवही कार्यालयाच्या दप्तरखान्यात होती आणि ती काढायला अर्ज लागणार होता.

अर्ज त्यांनी स्वतः लिहिला. सगळा काळ्या शाईत, ओढा हा शब्द येईल तिथे निळ्या. काकूंनी वाचला आणि विचारलं, "अहो, हे द्यायलाच हवं का? तोंडी सांगितलं तर नाही चालणार? ज्यांनी तुम्हाला साहेब म्हटलं, तीच माणसं बसलीत तिथं."

"नकाशा तोंडी नाही," ते म्हणाले.

मुलीला त्यांनी अर्जाविषयी सांगितलं नाही. तिला ते एवढंच म्हणाले, करारनामा थांबव. ती म्हणाली, "तीन जागा तुम्ही घालवल्यात. चौथ्या वेळी तुमचीच सही तुम्हाला आडवी आलीय. आता मी कुणाचं ऐकू? तुमचं की तुमच्या नकाशाचं?"

"माझं."

"का?"

"मी म्हणतो म्हणून."

हे उत्तर ती लहानपणापासून ऐकत आली होती. तिनं फोन ठेवला.

मी संपादकांना बातमी सांगितली. त्यांना मथळा सुचला होता. 'बिल्डरनं ओढा गिळला'. मी तो घरी येऊन सांगितला, तेव्हा काका म्हणाले, "गिळला नाही. मी ताटात वाढलाच नव्हता. तसं छापणार असाल तर पोस्टकार्ड येईल." कार्यालयाचं उत्तर येईपर्यंत बातमी थांबली.

अर्ज दिल्यानंतर काका रोज अकराला कार्यालयात जात आणि त्याच बाकावर बसत. काही मागत नसत. कारकुनाला येता-जाता दिसतील असे बसत. तिसऱ्या दिवशी त्यानं चहा सांगितला. पाचव्या दिवशी काकांनी त्याला विचारलं, तुमचं पाणी कुठं जातं. कारकून भोरचा होता. नीरा. सातव्या दिवशी तो स्वतः दप्तरखान्यात गेला, असं त्यानंच मला सांगितलं. "दुसरं काय करणार? माणूस काही मागतच नव्हता हो."

आतल्या एका जुन्या अधिकाऱ्यानं काकांना बाजूला घेतलं. नकाशात कालमानानं रेघ पुसट झाली, असं लिहू, तुमचं नाव कशाला, असं तो म्हणाला. काकांनी त्याला त्याचं पहिलं शीट कुणी शिकवलं होतं ते विचारलं. अधिकारी म्हणाला, तुम्ही. काका म्हणाले, "मग पुसट रेघ आणि न काढलेली रेघ यांतला फरक मी तुला शिकवलाय."

जुलैच्या शेवटून दुसऱ्या रविवारी मुलगी एकटी बिबवेवाडीला आली. काका मागच्या अंगणात होते. ती जिन्यानं वर माझ्या खोलीत आली. आई फोनवर कसल्यातरी अर्जाचं बोलली, तुमच्याकडे त्याची प्रत आहे का, असं तिनं विचारलं. होती. बातमीसाठी मी झेरॉक्स काढून ठेवली होती. तिनं उभ्यानंच वाचायला घेतली.

"सदर ओढा दोन्ही शीटांवर न दाखवण्याची चूक माझी आहे," असं तिसऱ्या परिच्छेदात होतं. "ती दुसऱ्या कुणाची नाही. मी ती केली तेव्हा मला पूर्ण खात्री होती."

"हे बाबांनी लिहिलंय?"

"हो."

"कुणी लिहायला लावलं?"

"कुणी नाही. लिहू नका, असं दोघांनी सांगितलं."

तिनं तो परिच्छेद पुन्हा वाचला. कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. झेरॉक्स माझी होती, पण मी मागितली नाही. खाली जाऊन तिनं चहा घेतला. फ्लॅटचा विषय तिनं काढला नाही, काकांनीही काढला नाही. ती निघताना त्यांनी खिडकीतून सांगितलं, वरच्या रस्त्यानं जा, खाली खणलंय.

पुढच्या आठवड्यात दोन कागद तयार झाले. दोन्ही मी पाहिले आहेत. पहिला फ्लॅटचं बुकिंग रद्द करण्याचा अर्ज. त्यावर मुलीची आणि जावयाची सही आहे आणि कारणाच्या रकान्यात "जागेतून ओढा जातो" असं मुलीच्या हस्ताक्षरात लिहिलं आहे. बिल्डरच्या कार्यालयाचा पोच शिक्का सोमवारचा आहे.

दुसरा कागद नकाशांच्या कार्यालयाचं काकांना आलेलं पत्र. मूळ मोजणीवहीत ओढ्याची नोंद आढळली असून जागेवर मोजणी करून दोन्ही शीटं दुरुस्त करण्यात येतील, असं त्यात म्हटलं आहे. पाकिटावरचा टपालाचा शिक्का त्याच आठवड्यातल्या शुक्रवारचा आहे.